कथेसाठी एक वाळवंटी झुडूप हवंय : मसाल्याचं

विश्रामबागकर
मंडळी, दिवाळी अंकासाठी दीर्घकथा लिहायला घेतली आहे. गावं काल्पनिक, काळ शे-दीडशे वर्षं पुढचा. पाऊस जवळजवळ बंद झालाय आणि आटपाडीच्या पुढचं सगळं रान वाळवंट झालंय. या वाळवंटात एक झुडूप उगवतं, आणि त्याच्याशिवाय तिथल्या चुलीवर आमटी चढत नाही. नाव तूर्त 'रेवाळी' ठेवलंय.

घोडं अडलंय ते चवीपाशी. 'अद्भुत', 'अवर्णनीय' असली विशेषणं मला घालायची नाहीत. तर अशा झुडपाला चव कशाची असेल, ते काढायचं कसं, टिकवायचं कसं, आणि त्यावरून डोकी फुटावीत एवढा भाव त्याला का यावा? खऱ्या वनस्पतींच्या आधारानं सुचवा. जादू नको.

खवचट_खवय्या
शेपूची चव द्या. निम्मं गाव घर सोडून जाईल, वाळवंट आपोआप तयार.

दहिवडीचा_दाजी
आधी आमची तक्रार नोंदवून घ्या. आटपाडी-दहिवडीचा आमचा माणदेश म्हणजे वाळवंट नव्हे. वर्षाला २५० मिलिमीटरच्या आत पाऊस, त्याला ढोबळमानानं वाळवंट म्हणतात. आमच्याकडं ५०० च्या आगेमागे पडतो. लहरी पडतो, नको तेव्हा पडतो, पण पडतो. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला पाच हजारांच्या वर आणि आम्हाला त्याचा दहावा हिस्सा, कारण ढग डोंगरापलीकडंच रिकामे होतात. जमीन वाळूची नाही, मुरमाड आहे. बाजरी होते, मटकी होते, हुलगा होतो. पण लेखक आणि कॅमेरेवाले आले की त्यांना भेगाळलेली जमीन सोडून दुसरं काय दिसत नाही बगा.

विश्रामबागकर
दाजी, म्हणूनच तर शंभर वर्षं पुढं नेलं.

दहिवडीचा_दाजी
न्या की. पण माणसं तीच ठेवा. आणि हुलग्याचं माडगं पाहिजे. पाऊस बंद झाला तरी आमचा हुलगा बंद व्हायचा नाही.

सुगरण_सातारी
एवढं डोकं कशाला चालवताय? वाळवंटी मसाला तुमच्या फोडणीच्या डब्याशेजारीच आहे. हिंग! इराण-अफगाणिस्तानच्या रुक्ष डोंगराळ मुलखातून येतो. डबी उघडली की नको वाटतं, पण गरम तेलात पडला की तोच वास कांदा-लसणाकडं झुकतो. म्हणून तर कांदा-लसूण न खाणाऱ्या घरात त्याच्यावर सगळा स्वयंपाक उभा असतो. तुमच्या वाळवंटात कांदा कुठून पिकणार? त्यामुळं रेवाळीला हिंगाचंच काम द्या. कच्ची असताना घाण वास, तेलात गेली की घरभर भूक.

बॉटनी_बाई
सुगरणताईंचा मुद्दा चांगला आहे, फक्त हिंगाचं झुडूप नसतं. गाजर, कोथिंबीर, बडीशेप यांच्याच कुळातली ती बहुवर्षायू वनस्पती. खाली जाडजूड मूळ असतं. झाड चार-पाच वर्षांचं झालं की बुंध्याशी माती उकरून खोड छाटतात, कापलेल्या जागी चीक येतो, तो वाळला की खरवडतात आणि पुन्हा पातळ चकती कापतात. मूळ सुकेपर्यंत हे चालतं. वास गंधकाच्या संयुगांचा.

कथेसाठी महत्त्वाचं हे की वनस्पती तो वास आपल्या आमटीसाठी तयार करत नाही. वाळवंटात एकेक पान महाग असतं. जनावरानं ते खाल्लं तर दुसरं फुटायला पाणी कुठून आणायचं? म्हणून पानात कडू, उग्र, झोंबणारं काहीतरी भरून ठेवायचं. आपल्या माळावरच्या तरवडाला शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत, ते बघा. मसाले म्हणून आपण जे खातो त्यातलं बरंचसं खरं तर 'मला खाऊ नका' अशी पाटी आहे.

खवचट_खवय्या
आणि माणूस ती पाटी वाचून म्हणतो, जरा मीठ कमी आहे.

गलाईवाला_विटेकर
नमस्कार. मी मूळचा विट्याकडचा, गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, धंद्यापायी जोधपूरला असतो. इथं एक काटेरी झुडूप आहे, केर. वर्षाचे बहुतेक दिवस पानंच नसतात, नुसत्या हिरव्या काड्या. उन्हाळ्याच्या तोंडाला विटकरी-लाल फुलं येतात आणि मग वाटाण्याएवढी हिरवी फळं. कच्चं फळ तोंडात धरवत नाही इतकं कडू आणि उग्र. घरमालकीण ती माठात मिठाच्या पाण्यात नाहीतर ताकात बुडवून ठेवते. पाणी पिवळट होतं, फेस येतो, ते ओतून परत नवं. कडूपणा गेला की धुऊन गच्चीवर वाळवायची. सुरकुतून मिऱ्याएवढी होतात आणि पुढं वर्षभर टिकतात. इथल्या खेजडीच्या झाडाच्या वाळवलेल्या शेंगा म्हणजे सांगरी. केर आणि सांगरीची भाजी लग्नात हमखास.

माझ्या आईनं पहिल्यांदा खाल्ली तेव्हा म्हणाली, "लोणचं हाय का भाजी हाय, ठरवा की एकदा." आता गावी जाताना पिशवी नेली नाही तर घरात घेत नाही.

दहिवडीचा_दाजी
हे आमच्याकडं पण आहे. नेपती म्हणतात. माळावर असते, पण खाताना कुणाला बघितलं नाही.

सुगरण_सातारी
दाजी, तिच्या जातभाईला तर आपण मानानं खातो. आषाढीच्या बारशीला वाघाटी लागतेच ना? ती पण कडूच.

बॉटनी_बाई
हो, केर आणि वाघाटी एकाच प्रजातीगटातली. भूमध्य समुद्राकडं यांच्या एका बहिणीच्या कळ्या मिठात घालून खातात, त्या केपर्स. या गटाचं मोहरीशी लांबचं नातं आहे, आणि झोंबण्याची तऱ्हाही मोहरीचीच. दाणा अख्खा असताना वास नाही. चिरडला की आतले दोन घटक एकत्र येतात आणि मग ते नाकात जातं.

सुगरण_सातारी
म्हणजे मोहरी फेसल्यावर होतं तेच! आंब्याच्या लोणच्याला आमच्या सासूबाई पाण्याचा हबका मारत मोहरी फेसायच्या, स्वयंपाकघरात उभं राहवायचं नाही. आणि तीच मोहरी फोडणीत तडतडली की कशी निमूट होते.

बॉटनी_बाई
कारण तापलेल्या तेलात तो तिखटपणा घडवणारं विकर (एन्झाइम) मरून जातं, दोन घटकांची गाठच पडत नाही. विश्रामबागकर, हे तुम्हाला आयतं सापडलं बघा. एकच पाला पाट्यावर वाटला तर डोळ्यांतून पाणी काढेल आणि फोडणीत टाकला तर गरीब होईल. नवी सून आणि जुनी सासू यांच्या हातची रेवाळी वेगळी लागायला एवढं पुरे.

विश्रामबागकर
वा! लिहून घेतोय. अजून येऊ द्या.

हळद_अडत्या
आमचं क्षेत्र आलं म्हणून बोलतो. चव काय ती तुम्ही ठरवा, पण माल साठवायचा कुठं ते सांगा. सांगलीशेजारच्या हरिपूरला हळदीची पेवं होती. जमिनीत खोल खड्डे, तोंड लहान, आत पोट मोठं. हळद भरून तोंड बंद केलं की वर्षानुवर्षं कीड लागायची नाही, कारण आत हवाच खेळत नाही. उघडल्यावर लगेच कुणी उतरायचं नाही, गुदमरून माणूस जायचा. २००५ च्या महापुरात बरीच पेवं गेली आणि आता कामकाज गोदामांत, कोल्ड स्टोरेजात. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण पेव काय असतं हे तरुण पोरांना दाखवायची सोय राहिली नाही.

तुमच्या वाळवंटात पूर येणार नाही. तिथं पेवं टिकतील. रेवाळी पेवात ठेवा, आणि एक माणूस त्यात मारा. रहस्यकथा झाली.

दुसरं म्हणजे भेसळ. महाग मालात भेसळ नाही असं लिहिलंत तर बाजारातलं कुणी कथा वाचणार नाही. वाळलेला पाला दिसायला एकसारखा असतो. मी स्वतः एकदा ओळखीच्या पेढीवरून आलेल्या मसाल्याच्या पोत्यात तळाला निम्मा काडीकचरा बघितलाय, वरचा थर मात्र नमुन्यासारखा.

सुगरण_सातारी
दुकानातला हिंग तरी शुद्ध कुठं असतो? बांधणीचा असतो, त्यात पीठ आणि डिंक.

बॉटनी_बाई
त्याला भेसळ म्हणता येणार नाही. अस्सल हिंग इतका जहाल की चिमटीत घेणं अवघड, म्हणून तो पिठात आणि डिंकात बांधतात. गंमत म्हणजे ज्या बाभळीच्या जातभाईपासून गम अरेबिक नावाचा डिंक मिळतो, तिलाच राजस्थानात कुमट म्हणतात. विटेकर, तुमच्याकडं पंचकुटा नावाची भाजी करतात त्यातल्या चपट्या बिया तिच्याच.

गलाईवाला_विटेकर
होय की! केर, सांगरी, गुंदे म्हणजे आपली भोकरं, आणि त्या कुमट. खातोय किती वर्षं, डिंकाचं झाड तेच हे ठाऊक नव्हतं.

मिरज_मेल
मला वाटतं रेवाळी सरळ कोल्हापुरी कांदा-लसूण मसाल्यात घालावी, म्हणजे वाचकांना पटकन कळेल.

सुगरण_सातारी
कोल्हापुरी?? कांदा-लसूण मसाला सातारा-सांगलीत घरोघरी उन्हाळ्यात होतो. आमच्या आज्या काय कोल्हापूरला शिकायला गेल्या होत्या?

खवचट_खवय्या
संपलं. आता दोन दिवस रेवाळी विसरा.

कराडचा_काका
तसं बघितलं तर अख्खा मसूर कराडचाच.

मिरज_मेल
इस्लामपूरचा.

कराडचा_काका
बाहेर भेट.

वाईकर
धागा मसुरात बुडायच्या आत इतिहासातलं एक प्रकरण सांगतो. उत्तर आफ्रिकेत, आजच्या लिबियात, सायरीन नावाचं ग्रीक नगर होतं. त्याच्या आसपास सिल्फियम नावाची वनस्पती मिळायची. तिचा चीक मसाला म्हणूनही आणि औषध म्हणूनही इतका गाजला की सायरीनच्या नाण्यांवर तिचं चित्र आहे. लागवड मात्र कुणाला जमली नाही. रानातून उपटायची, विकायची. रोमन काळात ती संपत आली. प्लिनी हा रोमन लेखक लिहितो की त्याच्या आठवणीत एकच देठ सापडला आणि तो सम्राट नीरोकडं पाठवला गेला. मग रोमन लोकांनी काय केलं? तिच्याऐवजी हिंग वापरायला लागले! नाण्यांवरच्या चित्रावरून ती हिंगाचीच नातलग असावी असा अंदाज आहे. २०२१ मध्ये एका संशोधकानं तुर्कस्तानातली एक वनस्पती तीच असावी असं मांडलं. सगळ्यांना ते पटलेलं नाही.

तेव्हा भावाचा प्रश्न इथं सुटतो. लागवड होत नाही, मागणी थांबत नाही.

हळद_अडत्या
पण लागवड का होत नाही, ते सांगायला लागेल. व्यापारी सोडतोय काय? हिंगाचंच बघा, पालमपूरच्या हिमालयन जैवसंपदा संस्थेनं ऑक्टोबर २०२० मध्ये हिमाचलातल्या लाहौलमध्ये रोपं लावली. पैसा दिसला की माणूस बर्फात पण लावतो.

बॉटनी_बाई
बी रुजत नाही म्हणा. वाळवंटी बिया फार सावध असतात. काहींच्या कवचात अंकुर रोखणारी द्रव्यं असतात आणि ती धुऊन जाण्याइतका पाऊस झाल्याशिवाय बी उगवत नाही. चार थेंबांना भुललं तर रोप करपणार, हे त्या बीला कळतं. तुमच्या कथेत पाऊसच नाही, म्हणजे नवं रोप नाही. जी झुडपं उभी आहेत तीच.

दहिवडीचा_दाजी
हे मात्र लय भारी. म्हणजे आज्यानं राखलेलं झुडूप नातू तोडणार.

विश्रामबागकर
अंगावर काटा आला, बाई. पण अजूनही चव ठरलेली नाही. हिंग, मोहरी, केराचा कडूपणा, सगळंच खुणावतंय.

सुगरण_सातारी
एका झुडपात सगळं कोंबू नका. जेवणात काय कमी आहे ते बघा. भाकरी आहे, हुलगा आहे, वाळवंट म्हणजे मीठ असणारच. तिखटाला वाळली मिरची टिकते. नाही काय? आंबट! चिंच नाही, आमसूल नाही, टोमॅटोचं नाव काढू नका, ताकाला दुभतं पाहिजे. आंबटाशिवाय माडगं घशाखाली उतरायचं नाही. रेवाळी आंबट करा.

गलाईवाला_विटेकर
माझं मत कडूला. वाळवंटात आंबट कुठून येणार?

बॉटनी_बाई
येतं, आणि ते फार सुरेख येतं. साधी झाडं दिवसा पानांची छिद्रं उघडून हवा घेतात, पण त्यात पाणी उडून जातं. कोरड्या भागातल्या कित्येक मांसल वनस्पती दिवसा दारं बंद ठेवतात आणि रात्री उघडतात. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड मॅलिक आम्लाच्या रूपात पानात साठतो आणि दिवसा उजेडात खर्च होतो. म्हणून तेच पान पहाटे आंबट असतं आणि दुपारनंतर नसतं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतल्या बेंजामिन हाइननं भारतात पानफुटीची पानं चावून हे नोंदवलं : सकाळी आंबट, दुपारी बेचव, संध्याकाळी कडवट. कुंडीत पानफुटी असेल तर जिभेला टेकवून बघा, गिळू नका.

विटेकर, तुमचा कडूही यात आला. फक्त उशिरा तोडणाऱ्याच्या वाट्याला.

सुगरण_सातारी
मग काढायची पद्धतही आपल्याकडं आहे. हरभऱ्याची आंब! थंडीत हरभरा भरात असला की पहाटे, ऊन पडायच्या आत, धुतलेलं पांढरं फडकं घाट्यांवरून अलगद फिरवायचं. पाल्यावरची लव आंबट असते, ती दवात उतरते. फडकं ओलं झालं की वाडग्यात पिळायचं, पुन्हा फिरवायचं. पिळताना बोटांच्या चिरांना झोंबतं. वाडग्यात जमतं ते थोडंसंच आणि मळकट रंगाचं, पण टाचणीएवढं जिभेवर ठेवलं तरी दात आंबतात. आमची आत्या बाटलीत भरून ठेवायची, पोट दुखलं की चमचाभर पाण्यात. कालवणाला पण घालायची. फडक्यासाठी जुनी नऊवारी फाडलेली चालायची, नवं कापड पाणी धरत नाही म्हणायची.

खवचट_खवय्या
वाळवंटात दव? बाई, आता तुम्हीच सांगा.

बॉटनी_बाई
पडतं. आभाळ निरभ्र असलं की रात्री जमीन झपाट्यानं निवते. इस्रायलच्या नेगेव वाळवंटात दव हा पाण्याचा नेहमीचा भाग आहे, नामिबच्या किनाऱ्याला तर धुकं येतं आणि तिथले काही भुंगेरे ते अंगावर धरून पितात. फक्त एक लक्षात ठेवा, हरभऱ्याची आंब पाल्यावरच्या केसांतून पाझरते आणि पानफुटीचं आम्ल पानाच्या आत असतं. दोन्ही वेगळी. रेवाळीला काल्पनिक म्हणून दोन्ही द्यायला माझी हरकत नाही.

हळद_अडत्या
आता गोष्ट जमली. फडक्यानं आंब घेतली तर झुडपाला काही होत नाही, पण मिळते वाडगाभर. पाला ओरबाडला तर पोतं भरतं, पण झुडूप मागं पडतं. आणि मुळी उकरली तर एका रात्रीत गाडी भरते. बाहेरचा व्यापारी मुळीच मागणार. गावातला एखादा देणार पण.

वाईकर
गुग्गुळाचं हेच झालंय. राजस्थान-गुजरातच्या कोरड्या भागातलं झुडूप. जास्त डिंक यावा म्हणून नको तेवढ्या खाचा घातल्या की झाड वाळतं. आता ते अतिसंकटग्रस्त यादीत आहे.

मस्कतवाला
ओमानात धूप काढताना मी बघितलंय. ढोफारकडं झाडाची साल थोडी खरवडतात, पांढरे थेंब येतात, ते वाळले की काढून घेतात. जुनी माणसं सांगतात, झाडाला विसावा द्यायचा असतो. तिथं धूप रात्रभर पाण्यात भिजवून ते पाणी पितात पण.

नवी_सदस्या_जत
धागा छान आहे. रेवाळीचं रोप जतला कुठल्या नर्सरीत मिळेल? मुरमात येईल का?

खवचट_खवय्या
येईल. आधी विश्रामबागकरांनी पाऊस थांबवायला हवा.

विश्रामबागकर
ठरलं! रेवाळी आंबट. एक तुकडा टाकतो, टीका करा :

"चांदणी वर यायच्या आत बाया फडकी घेऊन टेकाडावर गेल्या. बोलायचं नाही, धावायचं नाही. पाय लागला तर दव सांडतं. सखूनं फडकं पिळलं. वाडग्याचा तळ झाकला नव्हता तोवर पूर्वेला तांबडं फुटलं. उन्हाची पहिली तिरीप पडली की हात थांबवायचे, हा नेम. थोरली जाऊ मात्र अजून पाला खुडत होती."

सुगरण_सातारी
जावेचं आवडलं. वाडगा पितळेचा ठेवू नका, आंबट कळकतं. मातीचा नाहीतर काचेचा.

बॉटनी_बाई
मातीचा शोषून घेईल. लाख लावलेला म्हणा, किंवा वाळलेला भोपळा.

हळद_अडत्या
सौद्याचा प्रसंग कुठं आहे? खरसुंडीच्या जनावरांच्या बाजारात उपरण्याखाली बोटं धरून भाव ठरवायचे, शेजारच्याला कळत नसे. तसा एक घाला. विकणाऱ्याच्या बोटांना आंब झोंबून चिरा पडलेल्या असणार. व्यापाऱ्याला हात धरताक्षणी कळेल, फडक्यानं काढणारा आहे का मुळी उकरणारा.

विश्रामबागकर
अण्णा, हा प्रसंग मी घेतोच.

दहिवडीचा_दाजी
सगळं ठीक, पण मेंढरं कुठं आहेत? माणदेशात कथा आणि धनगर नाही? रेवाळी मेंढरांनी खाल्ली पाहिजे.

बॉटनी_बाई
आंबट आहे, खातील की. मग तुमची झुडपं एका उन्हाळ्यात संपतील.

दहिवडीचा_दाजी
मग कुंपण आलं. कुंपण आलं की भांडण आलं. धनगर म्हणणार वाट आमची, बाया म्हणणार टेकाड आमचं. व्यापारी लांबून बघत बसणार. आणि ती कुंपणाची काटेरी फांदी वेड्या बाभळीची ठेवा, ती तेवढी शंभर वर्षांनी पण असणारच आमच्याकडं.